वाफेआधीचा पाऊण तास

५ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला कारण माझं टेबल बदललं. नऊ वर्षं मी जन्ममृत्यूच्या आकड्यांत होते. आता वरच्या मजल्यावर, राज्यातल्या खाजगी क्षेत्रातील कामगारांचं सरासरी ताशी वेतन काढणाऱ्या विभागात आले आहे. इथे खिडकी आहे. तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण उजेड येतो.

काम सोपं आहे. निवडक कारखाने, दुकानं, कचेऱ्या यांच्याकडून दर महिन्याला एक फॉर्म येतो. बारा तारीख ज्या आठवड्यात पडते त्या आठवड्यात किती माणसं कामावर होती, त्यांना एकूण किती पगार दिला आणि त्यांनी एकूण किती तास काम केलं, एवढंच त्यात असतं. आम्ही पगाराला तासांनी भागतो. जो आकडा येतो तो पुढच्या महिन्यात छापतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी येतात. तू वाचत नसशील. मीही वाचत नव्हते.

परवा धुलाई कारखान्यांचा गठ्ठा सोडला आणि पहिल्याच फॉर्मवर तुझं अक्षर. तोच उघडा चार, तेच चौकोनी शून्य. मी इतका वेळ बघत बसले की शेजारच्या कारकुनाने विचारलं, काही चूक सापडली का. मी म्हटलं, नाही, जुनी ओळख सापडली. फॉर्ममधलं काही बाहेर बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. त्यामुळे आत काय होतं ते मी तुलाही सांगणार नाही, तूच भरलेलं असलं तरी.

वेतन समितीने यंदा धुलाई कारखाने तपासायला घेतले हे तुम्हाला कळलंच असेल. मार्चची सरासरी पंचावन्न रुपयांच्या खाली आली तर ताशी दर वाढवायचा, वर राहिली तर आहे तसं चालू द्यायचं, असं ठरलं आहे. तुमच्याकडे लोक काय म्हणतात?

वहिनींची बोटं थंडीत अजून आखडतात का? त्यांना माझा नमस्कार. माझा गुडघा बरा आहे, जिने मात्र मोजून चढते.

लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
बारकी

*

१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सरकारच्या खुर्चीवर बसून माझं अक्षर तपासतेस हे वाचून बरं वाटलं. तुझं अक्षर मी तपासायचो तेव्हा तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस. मी तसं करणार नाही.

इकडे सगळं ठीक. आमचा बॉयलर म्हातारा झाला आहे. साडेसहाला पेटवला तर वाफ धरायला सव्वासात होतात. बॉयलरवाल्याला सगळे इंजिन म्हणतात. वाफ धरली की तो शिट्टी देतो, मी हजेरीची खिडकी उघडतो आणि कार्डांवर शिक्के मारतो. तीनशे चाळीस कार्डं. सगळ्यांवर एकच वेळ, सव्वासात. मी सातला कचेरीच्या दाराने जातो. ही कपडे निवडणाऱ्यांत, साडेसहालाच आत असते. फाटक पावणेसातला लावून घेतात, त्यानंतर येईल त्याचा दिवस बुडतो, म्हणून माणसं लवकर येतात. मला घड्याळ म्हणतात हे तुला माहीत आहे. तोंडावर हजेरीसाहेब म्हणतात, पाठीमागे घड्याळ.

समितीकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. हिच्या शेजारी काम करते ती उंच बाई, तिला लांबी म्हणतात, परवा विचारत होती, की घड्याळाची बहीण सरकारात आहे तर आकडा जरा इकडचा तिकडे होईल का. मी सांगितलं, ती आकडा करत नाही, आकडा तिच्याकडे येतो. लांबी म्हणाली, मग तिला पगार कशाचा देतात.

माझी दोन वर्षं राहिली. निवृत्तीची रक्कम शेवटच्या पगारावर धरतात, म्हणून मी तब्येत सांभाळून आहे. कारखान्याच्या दोन खोल्या तोवर आपल्याच. धाकटे मालक माणूस चांगला. माझा चष्मा जुना झाला हे त्यांनी स्वतःहून विचारलं.

हिची बोटं आखडतात.

पत्र लिहीत जा. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

*

१८ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

एक विचारते, रागावू नको. शिट्टीआधीचा पाऊण तास तू फॉर्ममध्ये धरतोस का?

हे मी तुझा फॉर्म पाहून विचारत नाही, तुझं पत्र वाचून विचारते आहे. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात तासांचा अर्थ दिला आहे. मालकाच्या सांगण्यावरून कामगार कामाच्या जागी हजर होता तो सगळा वेळ, असा. पावणेसातला फाटक लागत असेल तर माणसं साडेसहाला हौसेने येत नाहीत.

पाऊण तास, सहा दिवस. आठवड्याला साडेचार तास. अठ्ठेचाळीसचे साडेबावन्न होतात. पगार तेवढाच राहून तास वाढले की ताशी वेतन कमी होतं, हे तूच मला पाटीवर शिकवलंस. उलट तास कमी लिहिले की तेच वेतन फुगून दिसतं. धुलाईचा गेल्या वर्षीचा आकडा पंचावन्न पूर्णांक चार आहे. तो छापून आला आहे म्हणून सांगते. म्हणजे रेघेच्या वर, जेमतेम. राज्यात धुलाईचे सात कारखाने आहेत आणि निम्म्याहून जास्त माणसं एकट्या तुमच्याकडे. तुझा एक रकाना बदलला तर तो आकडा कुठे जाईल हे तू कागदावर मांडून बघ. मी मांडलं. मग कागद फाडून टाकला.

कदाचित तू धरतही असशील. मग हे पत्र विसरून जा आणि मला मूर्ख म्हण.

तुझं मन दुखवायचं नव्हतं. लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझी,
बारकी

*

२३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद.

पत्र पोचलं. तो पाऊण तास कामाचा नाही, थांबायचा आहे. वाफ नसताना धुलाई कारखान्यात काम कसलं. माणसं बसतात, चहा पितात, बोलतात. माझ्याआधीचे हजेरी कारकून शिट्टीपासून वेळ धरत, त्यांच्या आधीचेही तसंच करत. बावीस वर्षांत मी दोनशे चौसष्ट फॉर्म भरले. एकही परत आला नाही. आता तू म्हणतेस की सगळे चुकीचे.

घरातलं पत्र घरात वाचावं. कचेरीच्या टेबलावर नेऊन फॉर्मशेजारी ठेवू नये. हा विषय माझ्याकडून संपला.

हिची तब्येत ठीक आहे.

दादा

*

२७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि.

ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही. पत्र टाकून आले तेव्हापासून ताटाकडे बघून जेवतात. तुमचं पत्र मात्र मी वाचलं. ह्यांच्या कोटाच्या खिशात होतं. खिसे तपासणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

शिट्टीआधी आम्ही बसत नाही. बसायला बाक नाही. इस्पितळांच्या गाड्या आम्ही यायच्या आत गोणी टाकून जातात. त्या गोणी फोडायच्या, चादरी एकीकडे, अंगातले कपडे एकीकडे, रक्ताचं वेगळं, बाकीची घाण वेगळी. ह्याला वाफ लागत नाही, हात लागतात. शिट्टी होईल तेव्हा पहिली खेप मशीनशी तयार पाहिजे, नाहीतर मशीन रिकामं फिरतं आणि मुकादम आमच्या नावाने शंख करतो. चहा सव्वासातनंतर कधीतरी, उभ्याने.

माझी बोटं दारात सापडली असं आम्ही तुम्हाला सांगितलं होतं. दारात नाही सापडली. एका चादरीत इस्पितळाची सुई राहिली होती. सात वाजायला दहा मिनिटं होती. टोचलं त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, रोज काही ना काही टोचतं. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. दोनदा चिरला. मी तीन आठवडे घरी होते. कामावर इजा झाली तर औषधाचे पैसे आणि घरी बसल्याचा पगार कारखाना देतो. त्याला एक चिठ्ठी लागते. इजा कामाच्या वेळेत झाली का, असा चिठ्ठीवर रकाना आहे आणि तो हजेरी कारकुनाने भरायचा. माझ्या कार्डावर शिक्का पडला नव्हता. ह्यांनी नाही असं लिहिलं.

घरी येऊन ह्यांनी ते मला स्वतः सांगितलं. म्हणाले, दुसऱ्या कोणाची चिठ्ठी असती तरी हेच लिहिलं असतं. ते खरं होतं, त्यामुळे मला भांडता आलं नाही. ह्याला अकरा वर्षं झाली.

त्या आठवड्यात हे एकदा आमच्या खोलीत आले होते, सातच्या आधी, मुद्दाम. मी घरी होते. लांबीने मला सांगितलं. दारात उभे राहिले, आम्हा बायकांची काय धांदल चालते ती पाहिली आणि निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

तुम्ही जोर लावू नका. दोन वर्षं राहिली आहेत, खोल्या कारखान्याच्या आहेत आणि मालक मनात आणतील तर काहीही करतील. पण आम्ही त्या वेळात थांबून असतो असं कोणी तुम्हाला लिहिलं तर खरं मानू नका. एवढ्याचसाठी लिहिलं.

तुमचं पत्र परत खिशात ठेवलं आहे. जिव्हाळा असू द्या.

तुमची,
वहिनी

*

३ मार्च

ती. स्व. दादास,

सा. न. वि. वि.

तू विषय संपवलास. मला एवढं एक सांगू दे, मग मीही संपवते.

काल मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं, की या फॉर्मवरचा कारकून माझा सख्खा भाऊ आहे. हे मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यांनी मान वर न करता फाइल उचलली आणि पलीकडच्या टेबलावर ठेवायला दिली. मग विचारलं, की तुम्हाला फॉर्मविषयी काही म्हणायचं आहे का. मी म्हटलं, फॉर्मविषयी नाही, वाफेविषयी. त्यांना बॉयलरचं सांगितलं. सगळीकडे असंच असतं का, असं त्यांनी विचारलं. मला एकाच ठिकाणचं माहीत आहे आणि तेही घरच्या पत्रातून, असं मी म्हटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, मग सातही ठिकाणी विचारू.

प्रश्न या आठवड्यात निघेल. सगळ्यांना एकाच शब्दांत: यंत्रं सुरू होण्याआधी कामगार आवारात हजर असतात का, आणि असल्यास तो वेळ तासांत धरला आहे का. मार्चचा फॉर्म त्याप्रमाणे भरून पाठवावा. फॉर्मवर सही भरणाऱ्याची लागते, मालकाची लागत नाही. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तू काय लिहिशील ते मला दिसणार नाही. ती फाइल माझ्या टेबलावर आता कधी येणार नाही. छापून येईल तेव्हा मला कळेल, पेपर घेणाऱ्या कोणालाही कळेल तसं.

दोन वर्षं राहिली आहेत हे मी विसरलेले नाही. खोल्याही विसरलेले नाही. तू होतं तेच लिहिलंस तरी मी तुझी बारकीच. राग आला तर राग लिही, पण लिही.

तुझी,
बारकी

*

२१ मार्च

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या कचेरीचा प्रश्न सात तारखेला, शनिवारी आला. मी तो घरी आणला नाही. नऊ तारखेला सोमवारी साडेसहाच्या आधी वही घेऊन फाटकाशी उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहिली. माणसं बिचकली. काहींना वाटलं, उशिराचा दंड सुरू झाला. इंजिन जाता जाता म्हणाला, की घड्याळ पाऊण तास पुढे गेलंय, दुरुस्तीला टाका.

नावं झाली की मी कपडे निवडायच्या खोलीत जाऊन उभा राहायचो. शिट्टीपर्यंत. सहा दिवस. तिथे काय चालतं ते तुला लिहायची गरज नाही. ही पुढच्याच टेबलावर होती. सहा दिवसांत तिने एकदाही मान वर केली नाही.

शनिवारी बेरीज केली. साडेबावन्न आले नाहीत, बावन्न पूर्णांक चार आले, कारण काही जण पाच-सात मिनिटं मागेपुढे येतात. मी बावन्न पूर्णांक चार लिहिलं.

टाकण्याआधी धाकट्या मालकांना दाखवलं. लपवून टाकणं मला जमलं नसतं. त्यांनी आवाज चढवला नाही. आधीचे फॉर्म कोणी भरले, असं विचारलं. मी म्हटलं, मी. मग इतकी वर्षं खोटं कोण बोललं, असं विचारलं. मी म्हटलं, मी. तुम्ही शिट्टीपासून धरता म्हणून मीही धरलं, असं म्हणता आलं असतं. पण त्यांनी मला तसं लिहायला कधी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. खुर्चीबरोबर मिळालं, तसं मी चालवलं. ते म्हणाले, उद्या रविवार आहे, विचार करा. मी विचार केला आणि सोमवारी तोच फॉर्म टपालात टाकला.

हिच्या बोटांविषयी तुला एक सांगायचं कितीतरी दिवस मनात आहे. पण तुझं पत्र माझ्या खिशात उलट्या घडीचं सापडलं, तेव्हा ते तुला आधीच कळलं असावं. माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर कधीतरी समोरासमोर विचार. कागदावर मी ते एकदा लिहिलं आहे, आणि चुकीचं लिहिलं आहे.

फाइल दुसऱ्या टेबलावर दिलीस ते योग्य केलंस.

मागच्या पत्रात मी कडू झालो. ते सोडून दे.

तुझा,
दादा

*

२६ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि.

तुमचा आकडा छापून आला. बावन्न पूर्णांक सात. वर मोठ्या अक्षरात, धुलाई कामगारांचं ताशी वेतन घसरलं. कोणीतरी ते कात्रण फाटकावर चिकटवलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, घड्याळाची कृपा.

लोकांना वाटतं ह्यांनी पगार कमी केला. पगाराच्या दिवशी पाकिटं फाटकातच फोडून मोजली. होते तेवढेच होते. तरी म्हणाले, ह्या महिन्यात सोडलं, पुढच्या महिन्यात कापतील. लांबी बारा वर्षं माझ्या शेजारी उभी राहते, तिने टेबल बदललं. चादर एकटीने उलगडायला वेळ लागतो, एवढंच.

ह्यांनी इंजिनला समजावून सांगितलं, की पगार तोच आहे, तास तेवढे खरे लिहिले. इंजिन म्हणाला, खरे तास लिहून आमच्या ताटात काय जास्त पडलं. समितीचं अजून काही नाही.

एक तारखेपासून हजेरीला नवा कारकून येतो आहे. ह्यांना आमच्या खोलीत टाकलं. काढलं नाही, कारण काढलं असतं तर निवृत्तीची पूर्ण रक्कम द्यावी लागली असती. आता ती निवडणाऱ्याच्या पगारावर मिळेल. दोन खोल्या हजेरी कारकुनाच्या असतात, त्या महिनाअखेर सोडायच्या आहेत. मालकांनी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. कागद सभ्य आहे.

हे मला म्हणाले, तुला वाईट वाटत असेल. मी म्हटलं, सामान बांधायचं आहे, वाईट नंतर वाटेल.

तुम्ही स्वतःला दोष देत बसाल म्हणून लिहिते. प्रश्न तुमच्या कचेरीचा होता, उत्तर ह्यांचं होतं. दोन्ही बरोबर होती. बाकीचं आम्ही बघतो.

आठवण ठेवा.

तुमची,
वहिनी

*

२० मे

ती. स्व. दादास,

ती. स्व. वहिनींस,

दोघांना सा. न. वि. वि.

समितीचा निकाल काल लागला. पेपरात उद्या येईल, पण तो आता सगळ्यांसाठी खुला आहे म्हणून लिहिते. जूनपासून सातही कारखान्यांत ताशी दर तीन रुपयांनी वाढेल. आणि कार्डावरचा शिक्का माणूस फाटकातून आत येईल त्या वेळेचा असेल, शिट्टीचा नाही. तीनशे चाळीस माणसं तुमच्याकडची, अडीचशेच्या वर बाकीच्यांकडची. त्यातल्या बहुतेकांना हे का झालं ते कधी कळणार नाही.

दोन गोष्टी झाल्या नाहीत. जुने आकडे दुरुस्त होतील का, असं मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फार तर दोन वर्षं मागे जाता येतं, त्याआधीचं छापलं तसंच राहतं. दुसरं, इजांच्या जुन्या चिठ्ठ्या. निकाल मी तीनदा वाचला. त्यांच्याविषयी त्यात अक्षर नाही.

कचेरीत सगळे म्हणतात, यंदा धुलाईचा आकडा स्वच्छ आला. मी होय म्हणते. मग जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन बसते. वहिनी, तुम्ही नको म्हणालात तरी मी स्वतःला दोष देते. मी विचारलं नसतं तर दादा आज त्याच्या खुर्चीवर असता. आणि लोक साडेसहाला फुकट आले असते. ह्या दोन वाक्यांतलं एक धरून मला बसता येत नाही.

खोल्या सोडल्यावर तुम्ही कुठे राहता ते कळवलं नाहीत. माझी एक खोली आहे. तिघं राहू. दादाला इथे काही काम बघता येईल. एवढं ऐका.

तुमच्या मायेला पात्र राहीन असं करा.

तुमची,
बारकी

*

१५ जुलै

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला. आम्ही सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची खोली घेतली आहे. जिना बाहेरून आहे आणि दिवसभर खालून रबराचा वास येतो, पण दोन्हीकडून वारा आहे. तुझ्या खोलीत तिघं मावू. पण हिला इथलं काम सोडायचं नाही आणि मला हिच्याशिवाय कुठे जायचं नाही. तेव्हा तो विषय राहू दे.

नवा दर पहिल्या पगारात मिळाला. फाटकावरचं कात्रण कोणी काढलं माहीत नाही. इंजिन बॉयलरपाशी माझ्या डब्याला गरम जागा ठेवतो. लांबी टेबलावर परत आली. हिच्याकडे बघून हसली आणि मला म्हणाली, घड्याळ, हातमोजे एकावर एक दोन घाला, आणि गोणीत हात घालण्याआधी गोणी हलवून ऐका. मी ऐकतो. कामात मी सगळ्यांत मागे आहे. मुकादम मला इतरांसारखाच बोलतो.

निवृत्तीच्या रकमेचा हिशेब मी एकदा केला. पुन्हा करणार नाही. माझं ताशी वेतन आता सरासरीच्या खाली आहे, म्हणजे तुमच्या आकड्यात मी खालच्या बाजूने मोजला जातो. फॉर्म नवा कारकून भरतो. त्याचं अक्षर चांगलं आहे.

चिठ्ठीचं कळलं. हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही आमच्या टेबलावर उभे राहता, मला तेवढं पुरे. मला ते पुरेसं वाटत नाही. पण त्याला आता इलाज नाही, आणि ते मी तिला म्हणालो. कागदावर नाही, तोंडाने.

बावीस वर्षं मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. हजेरीच्या खिडकीत वर जे घड्याळ आहे त्याचं तोंड आत, कारकुनाच्या खुर्चीकडे आहे. रांगेतून त्याची फक्त पाठ दिसते, लाकडी, मध्ये एक खिळा. मी रोज वेळ बघून शिक्का मारला आणि समोरच्या माणसाला ती वेळ कधीच दिसत नव्हती. नव्या कारकुनाला मी घड्याळ फिरवायला सांगितलं. तो म्हणाला, वर विचारावं लागेल. मी अर्ज दिला आहे. अजून उत्तर नाही.

आता शिक्का येण्याच्या नेमक्या मिनिटाचा पडतो, तेव्हा लोकांना वेळ कळायला हवी. माझं मनगटी घड्याळ आहे. मी सकाळी ते घालून रांगेत उभा राहतो. कोणी ना कोणी विचारतं, किती वाजले. मी मोठ्याने सांगतो, शेवटच्या माणसापर्यंत जाईल असं.

पहिल्या दिवशी कोणी विचारायला धजत नव्हतं. ही माझ्या पुढे उभी होती. तिने मागे वळून विचारलं. मी सांगितलं, सहा अठ्ठावीस.

आम्ही दोघं बरे आहोत. तू बरी राहा.

तुझा,
दादा